धुक्यातल्या झाडांचे फोटो चित्रासारखे कसे येतात? आणि यावेत का?

चिंब_चष्मा
नमस्कार मंडळी. पाऊस लागला की रविवारी कॅमेरा घेऊन नाशिकहून त्र्यंबकच्या बाजूला पळायचं हे व्यसन मला लागलंय. अंजनेरी, पहिने, घोटीकडे जाणारा रस्ता, कधी मूड असला तर पेठ रोडला सावळ घाट. धुकं भरपूर मिळतं, झाडं तर आहेतच, समोर उभं राहिलं की पाय निघत नाही. आणि घरी येऊन स्क्रीनवर बघावं तर सगळं मळकट राखाडी, सारखं धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखं. इंटरनेटवर लोकांचे फोटो बघतो तर जलरंगातलं चित्रच वाटतं. मागची झाडं विरघळत गेलेली, पुढचं एकच काळंभोर, आणि मधे नुसता उजेड. हे लोक जंगलात काही वेगळं करतात का घरी बसून सॉफ्टवेअरमध्ये रंगवतात? कॅमेरा साधाच आहे, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. सोबत काही फोटो टाकलेत, बिनधास्त फाडा.

ब्रह्मगिरीचा_भाचा
फोटो दिसत नाहीयेत.

चिंब_चष्मा
अरेच्चा, लिंक पब्लिक नव्हती. आता बघा.

कोरडा_विनोद
आता दिसले. आधी जास्त दाट धुकं होतं, तेच बरं वाटत होतं.

एफ_पाचसहा
राखाडीचं उत्तर सोपं आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम राखाडी, म्हणजे तो प्रसिद्ध १८ टक्के ग्रे, तिथे आणून ठेवतं. धुकं पांढरं असतं, त्याला ते कळत नाही, ते म्हणतं फार उजेड आहे बुवा, कमी करा. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबापेक्षा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग, +२/३ पासून +१ पर्यंत द्या, फारच दाट असेल तर +१.३ पण चालतं. फक्त हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका.

दुसरं म्हणजे तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या फोटोत तुम्ही नंतर 'ऑटो' दाबलंय हे इथे बसून दिसतंय :) धुक्याचा हिस्टोग्राम मधेच कुठेतरी उंचवटा करून बसलेला असतो, डावीकडे काळं नसतंच, आणि ते तसंच असायला हवं. ऑटो बटण त्याला दोन्हीकडून ताणतं, काळं काळं करतं, पांढरं पांढरं करतं, आणि ज्याच्यासाठी पहाटे उठून गेलात तेच पुसून टाकतं. धुरकटपणा काढणाऱ्या डीहेझ स्लायडरचं पण तेच. तो उजवीकडे नेण्यापेक्षा सरळ उन्हाळ्यात जा ना फोटो काढायला. डावीकडे थोडासा न्या, -५, -१०, त्याच्यापुढे नको.

आणि १८-५५ गाडीतच ठेवा. ५५-२५० लावा, १५० ते २५० मध्ये खेळा. लांबच्या लेन्सने झाडांच्या रांगा एकमेकींच्या जवळ आल्यासारख्या दिसतात आणि प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा एक शेड फिकट. वाइडने, म्हणजे त्या १८-५५ ने, काढलं की पुढची ओली वाट, चिखल, तुमच्या मित्राचा रेनकोट सगळं येतं.

चिंब_चष्मा
ऑटो दाबलं हे कसं ओळखलंत हो! रेनकोट पण बघितलात म्हणजे नीटच बघितलेत. धन्यवाद, पुढच्या वेळी नक्की करून बघतो.

जलरंगी
मी फोटोवाली नाही, चित्रवाली आहे, पण विषयात 'चित्रासारखे' आहे म्हणून नाक खुपसते.

आपल्या नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे, शिवाजी तुप्यांचं काम ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. धुक्यातलं झाड जलरंगात कसं काढतात सांगते. कागद आधी पूर्ण ओला. त्यात सगळ्यात लांबची झाडं अगदी पातळ रंगाने नुसती सोडायची, ती पसरतात, कडा राहत नाही. कागद थोडा सुकला की त्याच्या पुढची रांग, रंग जरा घट्ट, कडा अर्ध्या पसरलेल्या अर्ध्या धरलेल्या. आणि पूर्ण सुकल्यावर शेवटी एकच झाड, किंवा एकच फांदी, घट्ट गडद रंगात, कडक कडेची. सगळी झाडं कडक काढली तर ते धुकं नाही राहत, ते झाडांचं कुंपण होतं.

आता तुमचा दुसरा फोटो बघा. तिथे लांबच्या रांगा आपोआप ओल्या कागदासारख्या झाल्याच आहेत, ते काम धुक्याने फुकटात केलंय. पण पुढे गडद झाडं पाच-सहा आहेत आणि सगळी सारख्याच तोऱ्यात उभी आहेत. कोणाकडे बघू? त्यातलं एक निवडा आणि बाकीची फ्रेममधून घालवा. चित्रकार नको ते काढतच नाही, तुम्हाला मात्र पाय हलवून ते घालवावं लागतं. दोन पावलं डावीकडे, एक पाऊल मागे. दोन खोडं एकमेकांवर चढली की धुक्यात त्यांचा एकच जाड ठोकळा होतो, त्यांच्यामधे निदान बोटभर पांढरं दिसलं पाहिजे.

रानवाटा
जलरंगीताई, _/\_ हा प्रतिसाद प्रिंट काढून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवणार.

तर्कटराव
सगळ्यांचं चाललंय ते ठीक, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी घेतलाच नाही. यावेत का? माझं मत, अजिबात नाही. फोटो हा फोटोसारखा दिसावा. चित्रच हवं असेल तर ब्रश घ्या, शिका, दहा वर्षं घासा. कॅमेऱ्याने अर्ध्या सेकंदात काढायचं, वरून थोडं धूसर करायचं, आणि लोकांनी 'अगदी पेंटिंगच वाटतंय हो' म्हटलं की खूश व्हायचं. ही चित्रकाराचीही फसवणूक आणि फोटोचीही. वर आता एआय आलंय, एक ओळ टाइप केली की धुकं, झाडं, सोनेरी किरणं, सगळं हजर. मग अंजनेरीला जाऊन पाय कशाला मोडायचे?

गोदाकाठची
तर्कटराव, हे भांडण तुमच्या-माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पिक्टोरियलिस्ट म्हणवणाऱ्या फोटोग्राफरांची मोठी चळवळच होती. फोटो ही कला आहे हे पटवण्यासाठी ते मुद्दाम सॉफ्ट लेन्स वापरायचे, गम बायक्रोमेटसारख्या पद्धतीने प्रिंटवर हाताने रंगाचे थर द्यायचे, ब्रशचे फटकारे दिसतील असे. एडवर्ड स्टायकेनचा 'द पाँड, मूनलाइट' हा १९०४चा फोटो शोधून बघा, तळं, झाडी आणि खोडांच्या मधून येणारा चंद्र. रंगीत फोटोची सोय फारशी नसताना त्याने त्या प्रिंटला हाताने रंगाची झाक दिलेली आहे. २००६ मध्ये त्याची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात २९ लाख डॉलरच्या वर गेली, तेव्हाचा तो विक्रम होता.

आणि तुमच्या पक्षाचे लोकही होतेच. १९३२ मध्ये अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरेंनी सॅन फ्रान्सिस्कोत 'ग्रुप एफ/६४' काढला. एफ/६४ म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचं अगदी बारीक छिद्र, सगळं जवळपासून लांबपर्यंत कडक शार्प. त्यांचं म्हणणं हुबेहूब तुमच्यासारखं, फोटोने चित्राची नक्कल करू नये.

तर्कटराव
म्हणजे मी अॅन्सेल अॅडम्सच्या गटात. चालेल, मला काही अडचण नाही.

कोरडा_विनोद
त्यांनाही कळवा, त्यांना अडचण असू शकते.

एफ_पाचसहा
:D :D

तर्कटराव, एक गंमत सांगतो. ज्या 'सॉफ्ट चमक' वाल्या फोटोंचा तुम्हाला राग येतोय ना त्याला ऑर्टन इफेक्ट म्हणतात, मायकेल ऑर्टन नावाच्या कॅनडियन फोटोग्राफरने १९८०च्या दशकात ते केलं आणि तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतंच. एकाच दृश्याच्या दोन स्लाइड काढायच्या, एक शार्प आणि एक आउट ऑफ फोकस, दोन्ही मुद्दाम जास्त उजळ, आणि एकावर एक ठेवायच्या. दोन्ही उजळ का, तर एकावर एक ठेवल्यावर गडद होतं म्हणून. आता एका क्लिकवर होतं त्यामुळे लोक भाजीत मीठ पडल्यासारखं टाकतात हे मात्र मान्य.

निफाडकर
तुम्ही लोक धुकं पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसता आणि आम्ही पडू नये म्हणून. ऑक्टोबर छाटणी झालेली, द्राक्षबाग फुलोऱ्यात, आणि सकाळी उठून बघावं तर समोरचा बांध दिसत नाही. पानावर दव बसलं की डाऊनीची बुरशी आलीच समजा, घडावर गेली तर वर्षाचं गणित संपलं. मग ऊन यायच्या आत ब्लोअर काढा, फवारा मारा. कांद्याला करपा तो वेगळाच. गेल्या थंडीत कोणीतरी शहरातला पाहुणा बागेच्या कडेला उभा राहून फोटो काढत होता, म्हणे काका काय सुंदर धुकं पडलंय. म्हटलं घेऊन जा बाबा बॅगेत भरून.

फोटो मात्र छान आहेत, राग नाही.

चिंब_चष्मा
काका, तो मी नव्हतो!

निफाडकर
चष्मा होता त्याला.

रानवाटा
हसून हसून पुरेवाट!

आता जरा जागांबद्दल, कारण पावसाळ्यातलं आणि थंडीतलं धुकं सारखं नसतं आणि फोटोही वेगळे येतात.

पावसाळ्यात अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे मिळतं तो खरं तर डोंगराला टेकलेला ढग असतो. वारा असतो, दोन मिनिटांत झाड दिसतं, गायब होतं, परत दिसतं. तिथे फ्रेम लावून थांबायचं, धुकं स्वतःच पडदा सरकवतं. थंडीत निफाडकरांच्या बांधावर किंवा गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जे असतं ते जमीन रात्री गार झाल्याने साचलेलं. त्याला निरभ्र रात्र, वारा नाही, आणि जमिनीत ओल हे तिन्ही लागतं. ते अगदी खाली बसून राहतं, सूर्य वर आला की झरझर विरतं. गिरणारे, गंगावऱ्हेच्या बाजूच्या काठावरच्या बाभळी त्यात बघा, काटेरी फांद्यांची जाळी मागून उजेड आल्यावर इतकी बारीक उमटते की पेन्सिलने काढल्यासारखी. बाभळीला कोणी भाव देत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. पहाटे उजाडायच्या आत पोचा.

गाव सोडायचं नसेल तर पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकाशेजारचं नेहरू वनोद्यान आहे, तिथे सरावाला बरं. बोरगडला जाणार असाल तर २००८ साली घोषित झालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, आणि माथ्यावर हवाई दलाचं केंद्र आहे, त्या दिशेला कॅमेरा काढायचाच नाही, उगाच चौकशी मागे लागायची. अंजनेरीलाही राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर पावसाळ्यात सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प येतं, डोंगराच्याच नावावरून नाव पडलेलं, जगात फार कमी ठिकाणी उरलंय. फ्रेम जमवायला मागे मागे सरकताना पायाखाली काय आहे ते बघा. ट्रायपॉडचे पाय वाटेवरच.

आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांच्या बाजूला बंदीचे आदेश निघतात, निघायच्या आधी बघून घ्या. गर्दीचं तर विचारूच नका, पहिन्याला रविवारी धुक्यापेक्षा स्पीकरचा आवाज दाट असतो. मधल्या वारी जा.

कोरडा_विनोद
पहाटे, अंधारात, धुक्यात, बॅकवॉटरला, एकट्याने, झाडाकडे तोंड करून स्तब्ध उभं राहायचं. बिबट्यांच्या वतीने या धाग्याचे आभार.

रानवाटा
हे विनोदाने घेऊ नका, खरंच एकट्याने जाऊ नका. उसाच्या कडेने तर मुळीच नाही.

ब्रह्मगिरीचा_भाचा
माझ्याकडे मोबाइलच आहे, माझ्यासारख्यांनी काय करायचं? आणि ते कॅमेरा हलवून झाडांच्या नुसत्या उभ्या रेघा काढतात ते काय असतं? बहिणीने दाखवलं, मला वाटलं हात हलला म्हणून डिलीट करायचे राहिले असतील.

एफ_पाचसहा
त्याला आयसीएम म्हणतात, मुद्दाम कॅमेरा हलवणे. शटर १/४ ते १/२ सेकंद, आयएसओ सगळ्यात कमी, एफ/११ किंवा १६, तरी उजेड जास्त झाला तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच. मग कॅमेरा वरून खाली सरळ रेषेत न्यायचा, आणि मेन गोष्ट, हालचाल आधी सुरू करायची आणि चालू हालचालीत बटण दाबायचं, नाहीतर सुरुवातीला गचका येतो. उभ्या सरळ खोडांना मस्त जमतं, म्हणजे सागाची लागवड असेल तर सोनंच. वडाला नाही जमत, वड सगळीकडे पसरलेला, त्याची नुसती खिचडी होते. दहातले नऊ फेकायचेच असतात, मन घट्ट ठेवा.

मोबाइलवर झाडावर बोट ठेवून उजेडाचा जो स्लायडर येतो तो वर सरकवा, तेच तुमचं कॉम्पेन्सेशन. डिजिटल झूम नको, २x किंवा ३xची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. आणि एचडीआर, म्हणजे गडद-उजळ भाग आपोआप जुळवणारं सेटिंग, बंद करता आलं तर करा, मोबाइलला वाटतं धुकं म्हणजे दोष आहे, तो परस्पर साफ करून टाकतो.

हो, आणि ऑटोफोकस धुक्यात पुढे-मागे भटकत बसतो, त्याला पकडायला काही मिळत नाही. खोडाची कडा आणि मागचं पांढरं जिथे भेटतं तिथे पॉइंट ठेवा, नाहीतर मॅन्युअल.

गोदाकाठची
जाता जाता, सगळा भर लेन्स आणि शटरवर चाललाय म्हणून. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकुने सोळाव्या शतकाच्या शेवटी नुसत्या काळ्या शाईत पाइनच्या झाडांचे दोन पडदे केले, सहा-सहा पानांचे, आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. निम्म्याहून जास्त कागद कोराच आहे. जवळून बघितलं तर झाडं म्हणजे नुसते रागारागाने ओढलेले खडबडीत फटकारे दिसतात. लांबून धुकं. तो कोरा भाग धुकं आहे हे आपणच ठरवतो, त्याने तिथे काहीच केलेलं नाही.

तर्कटराव
हे बघितलं आत्ता. बरं आहे. पण ते चित्रच आहे, माझा मुद्दा तसाच.

जलरंगी
तर्कटराव, तुमचा मुद्दा अर्धा मलाही पटतो. नंतर वरून ब्रशचा फिल्टर मारलेला, कॅनव्हासचा पोत चिकटवलेला फोटो मला बघवत नाही, कारण तो फटकारा झाडाच्या आकाराने जातच नाही, मशीन सगळीकडे सारखाच मारतं, खोडावर तसाच आणि आभाळात तसाच. पण वर चिंब_चष्मा यांना मी सांगितलं त्यात नकला करायला कुठे सांगितलं? एकच गडद, बाकी फिकट, मधे जागा, हे चित्रकारांच्या मालकीचं थोडंच आहे. ते बघणं आहे. हातात ब्रश असो की कॅमेरा.

तर्कटराव
'बघणं' मान्य. फिल्टर अमान्य. इथे थांबतो.

कोरडा_विनोद
तर्कटराव थांबले! या धाग्याची नोंद व्हावी.

ब्रह्मगिरीचा_भाचा
अवांतर: अंजनेरीहून परत येताना मिसळ कुठे खावी?

(यावर आलेले प्रतिसाद संपादकांनी मिसळीच्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया पापड आणि जिलबीचा वाद तिकडे चालू ठेवावा. - संपादक)

चिंब_चष्मा
मंडळी, जाऊन आलो! मधल्या वारी, रजा टाकून. सावळ घाटात एका वळणावर उतारावर मोठा सादडा आहे, ऐन म्हणतात तोच, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल. पावसाने ती साल जवळजवळ काळी झालेली आणि भेगांमध्ये शेवाळाच्या बारीक हिरव्या रेघा. मागे सागाची कोवळी झाडं, त्यामागे नुसतं पांढरं. लेन्स २१० ला, कॉम्पेन्सेशन +१, व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून ५२०० वर ठेवला कारण ऑटो दर फोटोला मत बदलत होता. एसी गाडीतून काढल्या काढल्या लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरली तेवढं सोडलं तर काही त्रास नाही. ढग आला-गेला तशी झाडं येत-जात होती, रानवाटा म्हणाले तसंच. नंतर काहीही केलं नाही, ऑटो तर नाहीच नाही. टाकलाय, बघा. लिंक पब्लिक आहे.

जलरंगी
आता कसं! सादडा बोलतोय. त्याच्या डाव्या खांद्यावर सागाचं एक पान शिंग फुटल्यासारखं आलंय, अर्धं पाऊल उजवीकडे असतात तर गेलं असतं. आणि वर आभाळाचा जो भगभगीत पांढरा तुकडा आहे तो कापा, नजर सारखी तिकडे पळते. फांद्या कापल्या जातील ही भीती नको, झाड पूर्ण दाखवलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

एफ_पाचसहा
मस्त. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्यायचा, मगच काढायचा, वाफ धरत नाही. घरी आल्यावर मात्र त्याच ओल्या बॅगेत ठेवू नका, सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात. नाशिकचा जुलै म्हणजे लेन्समधल्या बुरशीचं माहेर.

तर्कटराव
चांगला आहे. फोटोसारखा दिसतोय.

चिंब_चष्मा
तर्कटरावांकडून हे म्हणजे... आभारी आहे! हा प्रिंट करून भिंतीवर लावायचा विचार आहे. स्टुडिओवाला म्हणाला कॅनव्हासवर काढू, पेंटिंगचा फील येईल.

जलरंगी
नको!!!

एफ_पाचसहा
कॅनव्हासच्या विणीत तुमचे फिकट थर गिळले जातील, सालीच्या भेगा पण. ग्लॉसीवर समोरची ट्यूबलाइट दिसेल. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कॉटन रॅग (कापसाचा) कागद मिळाला तर उत्तम, पण आधी छोटा तुकडा टेस्ट प्रिंट मागा कारण स्क्रीनवर मागून उजेड असतो, कागदावर तेच जरा गडद येतं. धुक्याच्या फोटोला प्रिंटच्या आधी थोडा उजेड वाढवूनच द्यावा लागतो. आणि स्टुडिओवाल्याला बजावून सांगा की तिकडे 'करेक्शन' करू नकोस, नाहीतर तो प्रेमाने डीहेझ मारून देईल.

निफाडकर
काढलीच प्रिंट तर एक आमच्याकडं पण पाठवा. फवारणीची औषधं ठेवतो त्या कपाटावर लावतो, म्हणजे उघडताना रोज बघून शिव्या देता येतील.